पाथरीचे ज्योतिषी आणि प्रश्नाचे मोल



आम्ही पंडित नव्हे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि हमालांच्या, जिनिंगमधल्या कामगारांच्या बैठकांत अधिक झाले. पुस्तके वाचली ती रात्री, आणि बहुतेक उसनी आणून. अशा माणसाने ज्ञानाच्या स्वरूपावर बोलावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु हा विषय पंडितांवर सोपवून मोकळे होता येत नाही. कोणता समज मनाशी धरावा, कोणती कल्पना वापरावी आणि कोणता प्रश्न विचारावा, याचा निवाडा प्रत्येकाला रोज करावा लागतो. तो नीट केला नाही तर नुकसान आपलेच होते.

याचे सोपे उत्तर असे देतात की, जो समज खरा तो मोलाचा, जो खोटा तो टाकाऊ. हे उत्तर अपुरे आहे. अंधारात भिरकावलेला दगड कधीमधी आंब्यालाही लागतो. म्हणून कोणी त्याला नेमबाज म्हणत नाही. उलट, नीट नेम धरून मारलेला दगड वाऱ्याने चुकला, तरी त्या माणसाची नजर आणि हात यांची कदर होते. समजाचेही तसेच आहे. हे कोरड्या व्याख्येने सांगण्यापेक्षा इतिहासातून सांगावे, आणि त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथरीच्या एका घराण्यात हा वाद पाचशे वर्षांपूर्वी मोठ्या निकराने चालला होता.

पाथरी म्हटले की आज लोकांना साईबाबांच्या जन्मस्थानाचा वाद आठवतो. जुना इतिहास वाचणाऱ्यांना अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष पाथरीच्या ब्राह्मण कुळातला होता, ही फेरिश्त्याने लिहिलेली हकीकत आठवते. पण याच पाथरीला, जिला संस्कृत ग्रंथांत पार्थपूर म्हटले आहे, ज्योतिषी आणि गणिती यांचे एक नामांकित घराणे नांदत होते. नागनाथाचा पुत्र ज्ञानराज हा त्यातला प्रमुख. शके १४२५, म्हणजे इसवी सन १५०३, या सुमारास त्याने 'सिद्धान्तसुंदर' हा ग्रंथ रचला. भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० सालचा. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी त्या तोडीचा समग्र सिद्धान्तग्रंथ लिहिण्याचे काम गोदाकाठच्या या गावात झाले. ज्ञानराजाचा मुलगा चिंतामणी याने पित्याच्या ग्रंथावर टीका लिहिली. दुसरा मुलगा सूर्यदास याने १५३८ साली भास्कराच्या 'बीजगणिता'वर आणि १५४१ साली 'लीलावती'वर टीका लिहिल्या. शिवाय एक काव्य रचले, जे सरळ वाचले तर रामाची कथा सांगते आणि उलट वाचले तर कृष्णाची. बुद्धीची अशी श्रीमंती त्या घरात होती.

आता वाद काय होता ते पाहू. त्या काळच्या विद्वानापुढे विश्वाची दोन चित्रे होती. एक पुराणांतले. त्यात पृथ्वी सपाट आणि पन्नास कोटी योजने विस्ताराची, मध्ये मेरू, भोवती सात समुद्र आणि सात द्वीपे. खाली आधाराला शेष, कूर्म, वराह. चंद्र सूर्याच्याही वर. दुसरे चित्र सिद्धान्तग्रंथांतले. त्यात पृथ्वी चेंडूसारखी गोल, भास्कराच्या गणिताप्रमाणे ४,९६७ योजने परिघाची, आकाशात निराधार. चंद्र सूर्याच्या खाली, म्हणून तर अमावास्येला तो सूर्याला झाकतो आणि सूर्यग्रहण होते. दोन्ही चित्रे एकाच वेळी खरी असणे कठीण. पण पंचांग करायचे ते दुसऱ्यावरून, आणि कथा-कीर्तनात सांगायचे ते पहिल्यावरून, असा व्यवहार शतकानुशतके चालला होता.

भास्कराने आधाराच्या प्रश्नावर घाव घातला होता. पृथ्वीला आधार आहे म्हणाल, तर त्या आधाराला कोणाचा आधार? त्याला आणखी कोणाचा? कोठेतरी थांबून 'हा स्वतःच्या शक्तीने राहतो' असे म्हणावेच लागणार. मग ते पहिल्याच पायरीवर, पृथ्वीविषयी का म्हणू नये? याहून मोठी गोष्ट त्याने पुढे सांगितली. पृथ्वी आपल्याकडे वस्तू ओढते, म्हणून वस्तू पडल्यासारख्या दिसतात. पण खुद्द पृथ्वीच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच आहे. मग ती पडेल कोणत्या बाजूला?

ज्ञानराजाला हे पटले नाही. पृथ्वी गोल आहे, ग्रहांचे गणित सिद्धान्ताप्रमाणे आहे, हे त्याला मान्य होते. तरी पुराणे खोटी म्हणायला तो तयार नव्हता. दोहोंचा मेळ घालावा, हा त्याचा संकल्प. म्हणून त्याने उत्तर दिले ते असे : थोड्या बळाचे गिधाडसुद्धा चोचीत साप धरून प्रहरभर आकाशात राहू शकते, मग ज्याच्या सामर्थ्याची कल्पना करता येत नाही अशा कूर्मरूपी ईश्वराने कल्पभर पृथ्वी आकाशात का धरू नये?

हे उत्तर ऐकून आजचा शाळकरी मुलगाही हसेल. आम्ही हसण्याच्या बाजूचे नाही. या उत्तरातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली अशी की, ज्ञानराजाने 'शास्त्रात लिहिले आहे, गप्प बसा' असे म्हटले नाही. त्याने दाखला दिला, आणि तोही पोथीतला नव्हे, पाथरीच्या माळावर कोणालाही दिसेल असा. दाखला दिला की तो तपासण्याचा हक्क ऐकणाऱ्याला आपोआप मिळतो. गिधाड पंखाखालच्या हवेवर तरंगते. कूर्म कशावर तरंगतो? गिधाडाची चोच सापाच्या वर असते; कूर्म पृथ्वीच्या कोणत्या बाजूला, आणि ती बाजू 'खाली' हे कोणी ठरवले? असे प्रश्न विचारता येतात ते ज्ञानराजाने कारण उघड्यावर मांडले म्हणूनच. चुकीचा समजही कारणासह मांडला तर तो दुरुस्तीला खुला राहतो. कारणाशिवाय धरलेला खरा समज मात्र कुलूप लावलेल्या पेटीसारखा. आत सोने आहे की दगड, हे मालकालाही ठाऊक नसते.

याची एक जुनी साक्ष आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या ग्रंथात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे सांगितले. नावेतल्या माणसाला काठावरची झाडे मागे जाताना दिसतात, तसे तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा त्याचा दाखला. पुढच्या ज्योतिष्यांनी ते खोडले. पृथ्वी फिरत असती तर सकाळी उडालेल्या पाखरांना घरटी सापडली नसती, असे ते म्हणाले. त्यांचा निष्कर्ष चुकला. पण आक्षेप निर्बुद्ध नव्हता. त्याचे उत्तर द्यायला चालत्या गलबताचे उदाहरण घेऊन गॅलिलिओला १६३२ साली पुष्कळ पाने लिहावी लागली. गलबताबरोबर त्यातला माणूस, माशी आणि हवाही जाते, तसे पृथ्वीबरोबर पाखरू जाते. पाखरांचा आक्षेप नसता तर गतीचा हा नियम इतका नीट समजला असता का, याची शंकाच आहे. खोटा पण कारणी लागलेला समज तो हा.

दुसरी गोष्ट प्रश्नाविषयी. 'पृथ्वी कशावर टेकली आहे?' या प्रश्नाच्या पोटात एक न तपासलेला समज दडला आहे : सगळ्या विश्वाला एकच 'खाली' आहे आणि आधार नसेल ते तिकडे पडते. ज्ञानराज प्रश्नाचे उत्तर शोधत राहिला. भास्कराने प्रश्नच तपासला. 'खाली' म्हणजे पृथ्वीच्या मध्याकडे, एवढे कळले की आधाराची विचारपूसच संपते. सूर्यदासाची 'लीलावती'वरची टीका पुरी झाल्यावर दोनच वर्षांनी, १५४३ साली, युरोपात कोपर्निकसचा ग्रंथ छापून निघाला. १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचे गणित मांडले. तेव्हा विचारण्याजोगा प्रश्न 'पृथ्वी का पडत नाही' हा उरला नाही. 'ती सूर्याभोवती का वळत राहते' हा आला, आणि त्याने पुढची अडीचशे वर्षे खगोलशास्त्राला काम पुरवले. प्रश्नाचे मोल असे मोजावे : त्याच्या पोटात काय गृहीत धरले आहे, आणि त्याच्या उत्तराने पुढे काय काय उलगडते.

आता कल्पनेविषयी. राहू हा शब्द घ्या. पुराणात राहू हा शिर तुटलेला दैत्य. तो चंद्र गिळतो. सिद्धान्तात चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जेथे छेदते, त्या बिंदूला पात म्हणतात, आणि राहू हे नाव त्यालाच लागले. शब्द एकच, पण पहिल्या राहूवरून पुढचे ग्रहण कधी हे सांगता येत नाही, दुसऱ्यावरून सांगता येते. कल्पनेचे मोल ती किती उदात्त वा किती प्राचीन यावर नाही. तिच्या हाताने कोणते काम होते, यावर आहे.

कामगारांच्या जगातला दाखला देतो. 'जादा काम' हा शब्द नव्हता तेव्हा दिवस मावळल्यावरचे काम ही शेटजींची मर्जी होती आणि त्याबद्दल मिळालेले दोन आणे ही शेटजींची कृपा. तास मोजण्याची आणि ठरल्या तासांवरचे वेगळे मोजण्याची कल्पना आली, तेव्हा मर्जीचा हिशेब झाला. घाम तोच होता. पण कल्पना बदलताच जे दिसत नव्हते ते दिसू लागले.

पाथरीकरांच्याच काळात कोकणात नांदगावला आणखी एक घराणे होते, केशव दैवज्ञ आणि त्याचा पुत्र गणेश यांचे. केशवाने ग्रह आणि तारे यांच्या युती डोळ्यांनी पाहिल्या, ग्रंथातल्या गणिताशी ताडल्या आणि कोणता ग्रह कोणत्या ग्रंथाशी जुळतो ते नोंदवून ठेवले. पुढच्या गणकांनी असेच पाहून फरक दुरुस्त करीत जावे, असे त्याने सांगून ठेवले. गणेशाने १५२० च्या 'ग्रहलाघवा'त तेच केले. सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष तेव्हा होते. ज्योतिषी एका पक्षाचा अभिमान धरून बसे. गणेशाने एक ग्रह एका पक्षाचा घेतला, दुसरा दुसऱ्याचा. जो आकाशाशी जुळला तो आपला. म्हणून 'ग्रहलाघव' महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांच्या हाती शतके टिकले. ज्ञानराजाने विचारले, 'दोन शास्त्रांचा मेळ कसा बसेल?' केशवाने विचारले, 'शास्त्राचा आणि आकाशाचा मेळ बसतो का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले होते : बसलाच पाहिजे. दुसऱ्याचे उत्तर 'नाही' असे येऊ शकत होते. ज्याचे उत्तर आपल्या मनाविरुद्ध जाऊ शकते, तोच खरा प्रश्न.

असा प्रश्न सामान्य माणसाला विचारता येतो का? येतो. पंचांगात गावोगावची पलभा देतात. विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र सारखी असते त्या दिवशी, भर दुपारी बारा अंगुळांचा शंकू उभा करून पडणारी छाया ती पलभा. पाथरीला ती चार अंगुळांहून थोडी जास्त पडते, उज्जैनला पाच अंगुळांहून थोडी जास्त. पृथ्वी सपाट आणि सूर्य फार दूर असता तर दोन्हीकडे छाया सारखी पडायला हवी होती. या छायांवरून दोन्ही गावांच्या अक्षांशांत चार अंशांना किंचित कमी फरक निघतो. उज्जैन पाथरीच्या जवळजवळ सरळ उत्तरेला, सुमारे ४३५ किलोमीटर. चार अंशांस इतके, तर ३६० अंशांस किती? त्रैराशिक मांडा, उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येईल, आणि पृथ्वीचा परिघ तेवढाच आहे. दोन काठ्या, दोन छाया आणि एक त्रैराशिक. 'पृथ्वी गोल आहे' हे पाठ म्हणणारा आणि हे गणित एकदा केलेला, दोघांचा समज एकच. पण पहिल्याला उद्या कोणी दरडावून 'सपाट आहे' म्हटले तर तो गप्प बसेल, दुसरा काठी रोवील. उपपत्ती, म्हणजे कारणासह सिद्धता, ज्याला ठाऊक नाही तो गणिती सभेत मान पावत नाही आणि त्याचा स्वतःचाही संशय फिटत नाही, असे भास्कराने बजावले होते ते यासाठीच.

आमच्या धंद्यातही हेच पाहिले. एका जिनिंगच्या हंगामात हमालांच्या मजुरीत दर आठवड्याला तूट येई. 'काटा खोटा आहे' असा बैठकीत बहुतेकांचा समज. घोषणा झाल्या, निष्पन्न काही झाले नाही. मग एका तरुण हमालाने विचारले, 'काट्यावर तपासणीचा ठसा कोणत्या सालचा आहे?' ठसा जुना निघाला. वजनमापाच्या निरीक्षकाकडे अर्ज गेला. काटा तपासला, तर तो बरोबर निघाला. तूट होती ती कापसाच्या ओलीबद्दल धरलेल्या 'घट' या रकान्यात. मालाची घट मजुरीतूनही कापली जात होती. ते लक्षात आल्यावर आठ दिवसांत हिशेब सुधारला. काट्याविषयीचा समज चुकला, पण प्रश्न वाया गेला नाही, कारण तो तपासता येण्याजोगा होता. 'मालक बेइमान का?' या प्रश्नाने हातात काही आले नसते.

मोठ्या इतिहासातही असेच घडले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. आठवड्यातून एक सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाच्या वेळेला मर्यादा, वेळेवर पगार आणि कामावर जखमी झालेल्याची सोय, अशा त्या मागण्या. तोवर सगळे विचारीत, 'कामगार इतका थकतो का, खाडे का करतो?' लोखंड्यांनी प्रश्न फिरवला : त्याला विसावा कधी मिळतो? १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुटी मंजूर झाली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली, १९२२ साली आठवड्याला साठ तासांची, १९३४ साली चोपन्न आणि १९४६ साली अठ्ठेचाळीस. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. ते कायदे येथे लागू नव्हते. ज्याला हा क्रम ठाऊक आहे त्याला कळते की आठ तास हे सूर्याच्या उगवण्यासारखे आपोआप आलेले नाहीत. जे कारणांनी आले, ते कारणे विसरल्याने जाऊही शकते.

पाथरीच्या घराण्याचा गौरव करताना एक खंत मात्र नोंदवली पाहिजे. ही सगळी चर्चा संस्कृतात, काही घरांच्या ओसरीवर झाली. त्याच शिवारात नांगर धरणारा, मोट हाकणारा, सूत कातणारा माणूस तिच्या बाहेर राहिला. ऋतू, नक्षत्र आणि पाऊस यांच्याशी त्याची गाठ रोजची, पण त्याने शंका काढावी अशी सोय नव्हती. गंगाखेडची जनाबाई दळताना देवालाच जाब विचारू शकली, पण ज्योतिष्याच्या सभेत तिला जागा नव्हती. केशवाचा आग्रह होता की पुढच्यांनी तपासावे. तपासणारे मोजकेच राहिले तर चूक पिढ्यान्‌पिढ्या टिकते. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी आपल्या संस्थेला सत्यशोधक समाज हे नाव दिले. त्या नावात सत्य आमच्यापाशी आहे असा दावा नाही. शोध करण्याचा हक्क सर्वांचा आहे, हे त्यात आहे. लोखंडे त्याच समाजाचे. आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित या शाळामास्तराने १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा प्रचंड ग्रंथ मराठीत लिहिला, म्हणून आमच्यासारख्याला हा इतिहास कंदिलाच्या उजेडात अक्षर लावून वाचता आला.

कोणी म्हणेल, सगळ्यांनीच सगळे प्रश्न विचारले तर काम कधी करायचे? शंका रास्त आहे. रोज सकाळी पृथ्वीचा परिघ मोजून कोणी कामाला जात नाही; आपण पुष्कळसे दुसऱ्याच्या शब्दावर चालतो आणि चाललेच पाहिजे. पण शब्द कोणाचा घ्यावा यालाही कसोटी आहे. जो आपले कारण दाखवतो, तपासू देतो आणि चूक निघाली तर सुधारतो, त्याच्या शब्दावर विसंबणे म्हणजे आंधळेपणा नव्हे. केशवाने पुढच्यांना 'तपासा' म्हटले, म्हणूनच 'ग्रहलाघव' न तपासता वापरणाऱ्यालाही त्याचा भरवसा धरता आला.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. समज मोलाचा, जर त्याचे कारण दुसऱ्यापुढे मांडता येत असेल. कल्पना मोलाची, जर तिच्यामुळे पूर्वी न दिसणारे दिसू लागले आणि काम पुढे गेले. प्रश्न मोलाचा, जर त्याचे उत्तर आपल्याला न आवडणारे येऊ शकत असेल आणि ते आले असता आपण बदलायला तयार असू. यात विचारणाऱ्याची जात, पगार वा पदवी कोठेच येत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तिच्या वाटेने गावोगावी अशा माला उभ्या राहिल्या. व्याख्यान संपल्यावर उठून शंका विचारणारा श्रोता हाच तिचा खरा लाभ. पुढच्या विषुवदिनी, मार्च महिन्यात, ज्यांना सवड असेल त्यांनी अंगणात बारा अंगुळांची काठी उभी करावी आणि भर दुपारची छाया मोजावी. आमच्या आकड्यात आणि तुमच्या आकड्यात फरक निघाला, तर आम्हाला जरूर कळवावे.